मूळ नाव पुसू नका: जैवविविधतेच्या नोंदींमधली शास्त्रीय नावे कशी सांभाळायची

गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची लोक जैवविविधता नोंदवही असो, कॉलेजच्या हर्बेरियममधल्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) जुन्या शीट्स असोत, नाहीतर निसर्गमंडळाने वर्षानुवर्षे लिहिलेली पक्षीयादी असो. ती संगणकावर चढवायची ठरली की काम बहुतेक वेळा सगळ्यात नव्या मुलाकडे किंवा मुलीकडे येते. ‘नुसती नावं तर टाइप करायची आहेत’ असे सांगून. खरे तर त्या सगळ्या खटाटोपातले सर्वात जोखमीचे काम हेच आहे. तारीख चुकली तर एक नोंद बिघडते. नाव चुकीच्या रीतीने ‘सुधारले’ तर शेकडो नोंदी एका फटक्यात बिघडतात आणि पुढे कुणाला ते कळतही नाही.

हा लेख अशा नव्या माणसासाठी आहे. तुमच्याकडे एक्सेल किंवा तत्सम तक्ता आणि इंटरनेट आहे, आणि समोर नावांचा ढीग आहे, एवढे मी गृहीत धरले आहे.

सुरुवातीला दोन खुलासे. शाळेच्या पुस्तकात सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती असा क्रम आहे. मी तोच धरला आहे: नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दोन्ही शब्द मिळून जातीचे नाव. बातम्यांमध्ये ‘प्रजाती’ हा शब्द दोन्हींसाठी सरसकट वापरतात, म्हणून तुमच्या तक्त्याचे मथळे ठरवतानाच कुठला शब्द कशासाठी ते पक्के करा. दुसरे, इथे शास्त्रीय नावे वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. डेटाबेसात ती रोमन लिपीतच टाकायची.

पायरी 1: मूळ नावाचा रकाना बनवा आणि त्याला कुलूप लावा

कागदावर, लेबलवर, वहीत जे लिहिले आहे ते अक्षरशः तसेच एका रकान्यात उतरवा. स्पेलिंग चुकले असेल तर चुकलेलेच. नाव जुने झाले असेल तर जुनेच. शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर तेही. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘डार्विन कोअर’ या प्रमाणरचनेत यासाठी ‘व्हर्बेटिम आयडेंटिफिकेशन’ नावाचे स्वतंत्र घर आहे. तुम्ही त्याला नुसते ‘मूळ नाव’ म्हणा.

एकदा भरल्यावर या रकान्याला पुन्हा हात लावायचा नाही. स्वच्छता, सुधारणा, आजचे नाव हे सगळे शेजारच्या रकान्यांत. माझ्या मते या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती ही. बाकीच्या सगळ्या चुका निस्तरता येतात. मूळ नाव पुसले गेले तर परतीची वाट राहत नाही. वहीत लिहिलेले नाव हा पुरावा आहे, आणि आजचे स्वीकृत नाव हा त्या पुराव्याचा आज लावलेला अर्थ.

मूळ नावाच्या बाजूला आणखी तीन गोष्टी टिपा: ओळख कुणी पटवली, केव्हा पटवली आणि कशावरून (नमुना, फोटो, आवाज, नुसते पाहून). ‘कुठल्या पुस्तकावरून’ हे माहीत असेल तर सोने. एकाच नावाचा अर्थ वेगवेगळ्या काळातल्या पुस्तकांत वेगळा असतो, हे सहाव्या पायरीवर दिसेल.

पायरी 2: नाव फोडून लिहा

एका घरात सगळे कोंबू नका. प्रजाती, जाती, असल्यास उपजाती, नाव देणारा शास्त्रज्ञ आणि वर्ष, यांना वेगवेगळे रकाने द्या. शिवाय ‘दर्जा’ असा एक रकाना ठेवा: ही ओळख जातीपर्यंत आहे, प्रजातीपर्यंत, की नुसती कुलापर्यंत?

‘सीएफ.’, ‘ॲफ.’, ‘एसपी.’ ही चिन्हे नावाचा भाग नाहीत. ‘सीएफ.’ म्हणजे बहुधा ही जाती, पण ताडून पाहायला हवी, ‘ॲफ.’ म्हणजे या जातीच्या जवळची, पण ती नव्हे, ‘एसपी.’ म्हणजे प्रजाती कळली, जाती नाही. ही चिन्हे ‘शंका’ नावाच्या वेगळ्या रकान्यात टाका. नावात राहिली तर पुढे जुळवणी करताना अडचण येते, आणि गाळून टाकली तर अभ्यासकाने प्रामाणिकपणे नोंदवलेली शंका तुमच्या हातून खात्री होऊन बसते.

शास्त्रज्ञाच्या नावाभोवतीचा कंस शोभेचा नाही. प्राण्यांमध्ये कंस असेल तर समजावे की जातीचे वर्णन झाले तेव्हा ती दुसऱ्या प्रजातीत होती. पारव्याचे नाव कोलंबा लिव्हिया ग्मेलिन, 1789 असे बिनकंसाचे आहे, कारण तो पहिल्यापासून कोलंबातच आहे. शिक्रा मात्र टॅकिस्पायझा बॅडिया (ग्मेलिन, 1788). वनस्पतींमध्ये कंसातल्या मूळ लेखकापुढे नाव हलवणाऱ्याचेही नाव येते आणि वर्ष सहसा लिहीत नाहीत. दोन्हींचे नियमग्रंथ वेगळे आहेत: वनस्पतींची नावे लिनियसच्या 1753 च्या ग्रंथापासून धरतात, प्राण्यांची 1758 पासून.

इथे एक्सेलचा एक खास घोळ सांगायलाच हवा. ‘ग्मेलिन, 1789’ असलेले घर कोपऱ्याला धरून खाली ओढले की एक्सेल शेवटचा आकडा वाढवत नेते. खाली 1790, 1791, 1792 अशी रांग लागते, आणि एकाच पारव्याला प्रत्येक ओळीत नवे वर्ष मिळते. हे दिसायला इतके साधे असते की तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटते. म्हणून ओढायचे नाही, कॉपी-पेस्ट करायचे. त्याहून बरे, शास्त्रज्ञाचे नाव हाताने टाइपच न करता चौथ्या पायरीवर आधारयादीतून उचलायचे.

पायरी 3: एका गटाला एकच आधारयादी

‘बरोबर नाव कुठले?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. कुठल्या यादीनुसार, हे आधी ठरवावे लागते. वनस्पतींसाठी लंडनच्या क्यू उद्यानाची ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी ‘रेप्टाइल डेटाबेस’, उभयचरांसाठी न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियमची ‘अँफिबियन स्पीशीज ऑफ द वर्ल्ड’, माशांसाठी ‘एश्मायर्स कॅटलॉग ऑफ फिशेस’, समुद्री जीवांसाठी ‘वर्म्स’ (वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज). पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरून येत असतील तर ते वापरते ती क्लेमेंट्स यादीच धरा, उगाच दुसरी आणू नका. ज्या गटांना अशी स्वतंत्र यादी नाही तिथे ‘कॅटलॉग ऑफ लाइफ’.

यादी निवडली की तिची आवृत्ती किंवा पाहिल्याची तारीख लिहून ठेवा. एका गटात दोन याद्यांची मिसळ करू नका. बगळे एका यादीतून आणि गरुड दुसऱ्या यादीतून घेतले की एकच जाती दोनदा मोजली जाण्याची किंवा एखादी पार गळून जाण्याची पक्की सोय होते.

सरकारी कामासाठी आणखी एक रकाना लागेल. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींमध्ये जे नाव छापले आहे ते कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत तसेच राहते, शास्त्रज्ञांनी मधल्या काळात काहीही ठरवलेले असो. ‘अनुसूचीतले नाव’ वेगळे ठेवा. नाहीतर संरक्षित प्राणी तुमच्या तक्त्यात नव्या नावामागे लपेल आणि त्याचे कायदेशीर स्थान शोधणाऱ्याला सापडणार नाही.

पायरी 4: जुळवणी

आता नावे यादीशी ताडून पाहायची. आधी साधी झाडलोट: शब्दांच्या पुढे-मागे राहिलेल्या मोकळ्या जागा, दोन शब्दांमधले दुहेरी अंतर, भलतीकडे पडलेली कॅपिटल अक्षरे. यासाठी ‘ओपनरिफाइन’ हे मोफत सॉफ्टवेअर फार उपयोगी आहे. सारखी दिसणारी नावे ते गटागटाने समोर आणून ठेवते, आणि एका नावाची पाच स्पेलिंगे एकदम दिसतात.

मग तक्ता ‘जीबिफ’च्या नावे जुळवणाऱ्या साधनात चढवा. कोपनहेगनला मुख्यालय असलेली ही जागतिक जैवविविधता माहिती यंत्रणा आहे. साधन मोफत आहे. उत्तरात प्रत्येक नावापुढे जुळणीचा प्रकार येतो. ‘एक्झॅक्ट’ म्हणजे तंतोतंत जुळले. ‘फझी’ म्हणजे अक्षरे थोडी वेगळी आहेत, पण बहुधा हेच. ‘हायररँक’ म्हणजे जाती सापडली नाही, फक्त प्रजाती किंवा कुल सापडले. ‘नन’ म्हणजे काहीच नाही.

नवशिक्यांचे पाय घसरतात ते ‘फझी’वर. कारवीचे नाव जुन्या लिखाणात स्ट्रोबिलँथस कॅलोसस असे, तर इतरत्र कॅलोसा असे मिळते. फरक फक्त शेवटाचा, झाड एकच, इथे जुळणी बिनधास्त स्वीकारा. पण ‘टेरिस’ हे नेच्याचे नाव आणि ‘पायरिस’ हे फुलपाखराचे, रोमन स्पेलिंगमध्ये यांच्यात केवळ एका अक्षराचा फरक आहे. वर पायरिस नावाची झुडपांचीही एक प्रजाती आहे. प्राणी आणि वनस्पतींचे नियमग्रंथ वेगळे असल्यामुळे एकच प्रजातीनाम दोन्हीकडे चालते. फायकस म्हटले की आपल्याला वड, पिंपळ, उंबर आठवतात, पण फायकस ही समुद्री गोगलगायींचीही प्रजाती आहे. मोरस म्हणजे तुती, आणि मोरस म्हणजे गॅनेट हा समुद्रपक्षीसुद्धा.

उपाय सोपा आहे. जुळवणीला देताना नावाबरोबर सृष्टी आणि कुल यांचेही रकाने द्या. आणि ‘फझी’ आलेली प्रत्येक ओळ माणसाने डोळ्यांखालून घालावी. हे कंटाळवाणे आहे, पण याला पर्याय नाही. ‘हायररँक’ आणि ‘नन’ आलेल्यांची वेगळी यादी करून जाणकाराकडे पाठवा. अंदाजाने भरू नका.

पायरी 5: जुन्या नावाला नव्या नावाशी जोडा, बदलू नका

तक्त्यात दोन भाग करा. एकात नोंदी: कुठे, केव्हा, कुणी, मूळ नाव. दुसऱ्यात नावे: प्रत्येक नावाला एक क्रमांक, ते स्वीकृत आहे की सिनॉनिम (त्याच जातीचे दुसरे, आता स्वीकृत नसलेले नाव), आणि सिनॉनिम असेल तर कुठल्या स्वीकृत नावाकडे बोट दाखवते. बॉम्बॅक्स मलबारिकम आणि सालमालिया मलबारिका ही दोन्ही नावे जुन्या शीट्सवर भेटतील. दोन्ही बॉम्बॅक्स सीबाकडे, म्हणजे आपल्या काटेसावरीकडे बोट दाखवतील. उद्या नाव पुन्हा बदलले तर नावांच्या भागातली एखाद-दुसरी ओळ बदलावी लागेल, नोंदींना धक्का लागणार नाही.

‘फाइंड अँड रिप्लेस’ हे बटण या कामात शत्रू समजा. का, ते बाभळीवरून सांगतो.

अकेशिया ही पूर्वी प्रचंड मोठी प्रजाती होती. अभ्यासातून ती एक नव्हे, अनेक प्रजातींची मोट आहे हे स्पष्ट झाले. मग अकेशिया हे नाव कुणाकडे ठेवायचे? 2005 मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र काँग्रेसने ते ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या गटाला देण्याचा निर्णय घेतला आणि 2011 मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झाले. वाद मोठा झाला, आफ्रिकेतल्या अनेकांना तो पटला नाही. आपल्याकडे परिणाम असा: बाभूळ, अकेशिया निलोटिका, झाली व्हॅचेलिया निलोटिका. हिवरही व्हॅचेलियात गेला. खैर, अकेशिया कॅटेचू, मात्र सेनेगालिया कॅटेचू झाला. आणि रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ, अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस, आहे तिथेच राहिली.

आता कुणी ‘अकेशिया’च्या जागी सरसकट ‘व्हॅचेलिया’ टाकले तर बाभूळ बरोबर होईल, खैराचे नाव चुकेल आणि परदेशी झाड देशी झाडांच्या पंगतीत जाऊन बसेल. तक्ता वरवर अगदी नीटनेटका दिसेल. कोकणातल्या एखाद्या तालुक्यात देशी झाडे किती आणि लावलेली परदेशी किती, हे त्यावरून काढणारा विद्यार्थी फसेल.

नावाच्या शेवटाचेही असेच. शिक्रा ॲक्सिपिटर बॅडियस होता; 2024 च्या क्लेमेंट्स यादीत तो टॅकिस्पायझात गेला आणि बॅडियसचा बॅडिया झाला, कारण जातीवाचक शब्द विशेषण असेल तर लॅटिनमध्ये त्याचे लिंग प्रजातीच्या नावाप्रमाणे बदलते. नुसता पहिला शब्द बदलून ‘टॅकिस्पायझा बॅडियस’ लिहिणे चूक. पूर्ण नाव यादीतून उचलायचे, ते याचसाठी.

पायरी 6: जाती फुटते तेव्हा

नाव बदलणे हा सोपा भाग. एका जातीच्या दोन किंवा जास्त जाती होतात तेव्हा खरी कसोटी लागते, कारण जुने नाव शिल्लक राहते पण त्याचा अर्थ आक्रसतो.

सोपे उदाहरण आधी. गाय बगळा बुबुल्कस आयबिस म्हणून नोंदला जायचा. 2023 च्या क्लेमेंट्स यादीत त्याचे पश्चिमी आणि पूर्वेकडचा असे दोन भाग झाले, आणि 2024 मध्ये दोघेही आर्डिया प्रजातीत गेले. आपल्याकडचा तो पूर्वेकडचा, आर्डिया कोरोमांडा. महाराष्ट्रातल्या जुन्या नोंदी केवळ ठिकाणावरून त्याच्या नावे करता येतात. ‘ठिकाणावरून ठरवले’ असा शेरा मारा, काम संपले.

अवघड उदाहरण सड्यावरच्या सरड्याचे. गळ्याला पंख्यासारखी उघडणारी रंगीत पिशवी असलेले छोटे सरडे आपल्या माळांवर, पठारांवर उन्हाळ्यात हमखास दिसतात. वर्षानुवर्षे यातले बहुतेक सगळे ‘सिटाना पॉन्टिसेरियाना’ या एकाच नावाने नोंदले गेले. हे नाव 1829 मध्ये क्युव्हिएने दिलेले, पुदुच्चेरीकडच्या सरड्यावरून. 2016 मध्ये भारतीय संशोधकांनी या गटाची फेरमांडणी केली. ‘सरडा’ नावाचीच नवी प्रजाती स्थापन झाली. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरून सरडा सुपर्बा या जातीचे वर्णन झाले, जोडीला सरडा डार्विनी आली, जेर्डनने 1870 मध्ये नाव दिलेली जाती सरडा डेक्कनेन्सिस म्हणून या प्रजातीत आली, आणि सिटानातही सिटाना लॅटिसेप्स, सिटाना स्पायनीसेफॅलस अशा नव्या जाती आल्या.

आता तुमच्या हातात सातारा जिल्ह्यातली 1990 च्या दशकातली एक नोंद आहे: ‘सिटाना पॉन्टिसेरियाना, पठारावर, पाच दिसले’. हिचे काय करायचे?

फोटो किंवा नमुना असेल तर जाणकाराला दाखवा आणि नवी ओळख नव्या तारखेने, नव्या माणसाच्या नावाने जोडा. जुनी ओळख काढू नका, दोन्ही राहू द्या. फोटो नसेल पण जागा नेमकी असेल, आणि तिथे एकच जाती असल्याचे प्रकाशित अभ्यासातून ठाऊक असेल, तर ठिकाणावरून ठरवता येईल, अर्थात तसा शेरा मारून. पुष्कळदा यातले काहीच नसते. नोंदीत जागा म्हणून फक्त तालुका असतो. अशा वेळी स्वीकृत नावाच्या रकान्यात जाती लिहायचीच नाही. संभाव्य जाती दोन वेगवेगळ्या प्रजातींत आहेत, म्हणून प्रजातीही लिहिता येत नाही. कुलापर्यंत मागे या: अ‍ॅगॅमिडी. दर्जाच्या रकान्यात ‘कुल’. शेऱ्यात: ‘सिटाना पॉन्टिसेरियाना, व्यापक अर्थाने, 2016 पूर्वीची ओळख’.

हे करताना जीवावर येते. जातीपर्यंत असलेली नोंद आपण मागे ढकलतो आहोत असे वाटते, आणि अहवालात जातींची संख्या कमी दिसते म्हणून वरूनही दबाव येतो. तरी हेच करा. चुकीच्या जातीची नोंद नकाशावर एक खोटा ठिपका टाकते, आणि चाळकेवाडीसारख्या मोजक्या पठारांवर राहणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत असे चार खोटे ठिपके त्याला ‘सर्वत्र आढळणारा’ ठरवायला पुरेसे होतात. पवनचक्की, खाण, रस्ता यांच्या परवानगीच्या कागदांत मग तेच उतरते.

पायरी 7: मराठी नावे

लोकनोंदवहीत तर सुरुवातच मराठी नावाने होते आणि तसेच व्हायला हवे. फक्त मराठी नावाला शास्त्रीय नावाची जागा देऊ नका. स्थानिक नाव, सांगणाऱ्याचे गाव आणि बोली असे तीन रकाने ठेवा. एका जातीला कितीही स्थानिक नावे जोडता यावीत, आणि एका स्थानिक नावाला अनेक जाती.

एखाद्या आजीने ‘कुडा’ सांगितले. पांढरा कुडा म्हणजे होलॅऱ्हेना प्युबेसेन्स, काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया, नागकुडा म्हणजे टॅबर्नेमोंटाना अल्टरनिफोलिया. तिन्ही एकाच कुलातली, तिन्हींना चीक, औषधी उपयोग मात्र वेगळे. झाड न पाहता पुस्तकातून ‘कुडा’समोरचे पहिले नाव उचलले तर आजींचे ज्ञान भलत्याच झाडाच्या खात्यावर जमा होईल. त्यांच्याबरोबर झाडापर्यंत जा, पान, फूल, शेंग यांचे फोटो घ्या. तोवर मूळ नाव ‘कुडा’, दर्जा ‘ओळख बाकी’.

तांत्रिक बाजू थोडक्यात. जुनी नोंदवही युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली असेल तर आधी रूपांतर करून घ्या. फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ म्हणूनच जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ उमटेल. आणि ‘पांढऱ्या’मधला ऱ्या दोन वेगळ्या तऱ्हांनी टाइप होतो, पडद्यावर हुबेहूब सारखा दिसतो, पण ‘पांढऱ्या छातीचा धीवर’ शोधल्यावर निम्म्याच नोंदी सापडतात. ओपनरिफाइनमध्ये सगळीकडे एकच रूप करून घ्या.

पायरी 8: वर्षातून एकदा, ठरवून

नावे सतत बदलतात म्हणून रोज मागे धावू नका. बातमी वाचली की तक्त्यात बदल, असे करणाऱ्यांच्या डेटाबेसात अर्धी नावे एका वर्षाची आणि अर्धी दुसऱ्या वर्षाची होतात. वर्षातला एक महिना ठरवा. ईबर्डची वार्षिक फेररचना सहसा ऑक्टोबरच्या सुमारास येते, त्यामुळे पक्षी असतील तर नोव्हेंबर सोयीचा. आधी संपूर्ण तक्त्याची तारीख घातलेली प्रत बाजूला ठेवा. मग फक्त नावांचा भाग नव्या आवृत्तीशी जुळवा, नोंदींचा नाही. काय बदलले त्याची एक साधी बदलवही लिहा: जुने नाव, नवे नाव, प्रकार (नाव बदलले, जाती फुटली, दोन जाती एक झाल्या), कुठल्या यादीनुसार, कुणी केले, केव्हा.

फुटलेल्या जातींच्या ओळी आपोआप बदलू देऊ नका. त्या सहाव्या पायरीवर परत पाठवा. कुठलीही शंका आपल्या पातळीवर सुटत नसेल तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण या दोन्ही संस्थांची पश्चिम विभागीय केंद्रे आहेत, मुंबईत सेंट झेवियर्सचे ब्लॅटर हर्बेरियम आणि बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा) संग्रह आहे. जाताना नुसते नाव घेऊन जाऊ नका. मूळ नोंदीची प्रत, फोटो, ठिकाण आणि तुमची आधारयादी कुठली ते सोबत न्या, म्हणजे त्यांनी दिलेले उत्तर कुठल्या रकान्यात आणि कुणाच्या नावाने लिहायचे ते तिथेच ठरवता येईल.